श्यामची आंघोळ

वाद एका आंघोळीवरून झाला.

‘श्यामची आई’तली पंचविसावी रात्र. प्रकरणाचं नाव ‘देवाला सारी प्रिय’. महार समाजातली एक म्हातारी, तिची लाकडांची मोळी खाली पडलेली, आणि ती डोक्यावर चढवून द्यायला कुणी हात लावत नाही. श्यामची आई श्यामला पाठवते. लोक नावं ठेवतील म्हणून तो बिचकतो, तर त्याला उत्तरही देऊन ठेवते : घरी जाऊन आंघोळ करणार आहे, असं सांग. श्याम जातो, मोळी उचलून देतो. म्हातारी सुटते. मागे उरते ती आंघोळ.

भिवंडीतल्या एका शाळेत २४ डिसेंबरला, साने गुरुजींच्या जयंतीला, हा प्रसंग मुलांकडून करून घ्यायचं ठरलं. संहिता लिहायला दिली निजामपुऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षकांकडे. हे सर कोकणी मुसलमान. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवण्यात त्यांची हयात गेली. प्रसंग बसवणार होत्या शाळेतल्या मराठीच्या बाई. त्या बौद्ध, वडील मागावर कामाला होते, आणि दहावीला मराठीची शिकवणी त्यांनी याच सरांच्या ओट्यावर बसून घेतली. सरांनी लिहिताना आंघोळ गाळली. बाईंनी वाचताना ती समासात परत लिहिली. हे कागद इकडून तिकडे पोहोचवणारा मी, त्यामुळे पुढचं बोलणं ऐकायला मिळालं.

खरं तर मला उलट वाटलं होतं. सर जुन्या वळणाचे, ते मूळ पुस्तकाला धक्का लावू देणार नाहीत आणि बाई कात्री घेऊन येतील, असा माझा हिशेब होता.

सर : मी वाईट हेतूनं नाही गाळली, बेटा. त्या गोष्टीचा जीव मोळी उचलण्यात आहे. आंघोळ त्या काळाची. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं पालगड, ब्राह्मणाचं घर, सोवळंओवळं, वर कर्जाचा डोंगर. त्या बाईनं पोराचा हात मोळीपर्यंत नेला, हेच केवढं! मुलांपुढे तेवढं ठेवू या की.

बाई : म्हणजे आईला आपण आजच्या मापाची करून दाखवायची?

सर : चांगलीच होती ती.

बाई : होती ना. मग जेवढी होती तेवढीच दाखवू. तुम्ही तिला दुरुस्त करताय, सर.

सर थोडा वेळ गप्प बसले. समोरच्या गल्लीत माग चालू होते. भिवंडीत शांतता म्हणजे दोन माणसांनी न बोलणं, एवढंच.

सर : मग खरं कारण सांगतो. ही भिवंडी आहे. ७ मे १९७० ला शिवजयंतीची मिरवणूक निघाली आणि पुढे जे झालं, तेव्हा मी मॅट्रिकच्या वयाचा. दंगल थांबली, संचारबंदी उठली, माग पुन्हा सुरू झाले. पण आमच्या आळीतली बारकी पोरं नंतर कित्येक महिने एकच खेळ खेळत होती. एक टोळी आपली, एक त्यांची, आणि उरलेले पोलीस. मादन आयोगानं भिवंडी, जळगाव, महाड या तिन्ही गावांची चौकशी केली. पोरांचे खेळ कुठल्या आयोगापुढे येतात? चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर पुन्हा तेच पाहिलं. म्हणून मला भीती वाटते. आपण पोरांच्या हातात एक शब्द दिला की दुसऱ्या दिवशी तो मैदानात निघतो.

बाई : तो शब्द आपण द्यायची गरज राहिलीय का? माझ्या सातवीच्या वर्गात कोण कुठल्या नाक्याचा, कुणाच्या डब्यात काय, सगळं पाठ असतं. पद्मानगरची मुलं घरी तेलुगू बोलतात, त्यांची नक्कल होते. युपीहून आलेल्याला ‘भैया’ म्हणून हाक मारतात, आणि ती प्रेमाची हाक नसते. मी नवीन होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं, ‘बाई, तुमच्याकडे गणपती बसतो का?’

सर : काय सांगितलंस?

बाई : नाही बसत, म्हटलं. तर म्हणाली, ‘मग बरोबर.’ बारा वर्षांची पोर. अगदी गोड, अक्षर मोत्यासारखं. तिला कुणीतरी आडनाव सांगितलं होतं, तिनं फक्त ताळा करून पाहिला.

हा ‘मग बरोबर’ मला विसरता येत नाही. मुलांच्या निरागसपणाबद्दल आपण मोठी माणसं फार हळवेपणानं बोलतो. त्या मुलीच्या मनात द्वेष नव्हता. तिला एक माहिती पडताळायची होती, आणि ती पडताळली गेल्याचं समाधान झालं. पूर्वग्रह घरात येतो तो असाच, सामान्य ज्ञानाच्या वेषात. त्याला कुणी ओरडून शिकवावं लागत नाही.

सर : म्हणून तर ‘श्यामची आई’ हवी. घरात जे नकळत शिकवलं जातं त्यावर उतारा घरातूनच हवा. बाहेरच्यानं सांगितलेलं पोरगं ऐकून घेतं, आईनं सांगितलेलं अंगी लागतं. ओल्या पायांना माती लागू नये म्हणून पोरासाठी पदर अंथरणारी आई त्याच वेळी मनाला घाण लागू देऊ नको म्हणते, ते एकदा वाचलेला माणूस विसरतो का? माझी अम्मी निरक्षर. पण मी तिला हा भाग वाचून दाखवला तर म्हणाली, ही आपल्याकडचीच आहे. दापोलीची म्हणजे आपल्याकडचीच! धर्मबिर्म तिच्या मनातही आला नाही.

बाई : दापोलीचंच बोलू या मग. गुरुजी जन्मले १८९९ ला पालगडला. शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे बाबासाहेबांचं मूळ गाव. वयात आठ वर्षांचं अंतर. बाबासाहेबांच्या घरचे काही वर्षं दापोलीत राहिले, गुरुजी पुढे दापोलीलाच शिकले. त्याच लाल मातीतली दोन मुलं, सर. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव भाऊ-भाच्यांबरोबर वडिलांकडे गोरेगावला निघाला. चांगले कपडे, खिशात पैसे. मसूर स्टेशनवर उतरले. जात कळली आणि स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवान दुप्पट भाडं घेऊन तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो आपला चालत येणार. रात्रभर पाणी नाही. बरोबर जेवण होतं, पाण्यावाचून ते खाता आलं नाही. हेसुद्धा मोठं होणंच आहे ना? श्याम आईच्या कुशीत बसून जात शिकला, तीही दयेच्या धड्यातून. भीमराव तहानेतून शिकला. निरागस राहायची सवड सगळ्या मुलांना सारखी मिळत नाही.

सर : हे मी नाकारतच नाही.

बाई : नाकारत नाही, पण त्या म्हातारीच्या बाजूनं कधी वाचलंत का तुम्ही? तिला घरी कुणी नातू होता का? तिनं रात्री त्याला काय सांगितलं असेल? ‘एका बामणाच्या पोरानं मोळी दिली’ एवढंच, की ‘दिली आणि मग आंघोळीला पळाला’ हेही? कारण श्यामनं ते उत्तर लोकांना द्यायचं होतं, रस्त्यात, ती समोर उभी असताना.

याला सरांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. हे प्रकरण मी लहानपणापासून किती वेळा वाचलं असेल. ती म्हातारी ऐकू शकते, हे कधी ध्यानात आलं नव्हतं. आपण श्यामच्या बाजूनं वाचतो, कारण गोष्ट श्याम सांगतो.

बाईंनी पिशवीतून ‘आयदान’ काढलं. ऊर्मिला पवारांचं आत्मचरित्र, २००३ सालचं. तेही रत्नागिरी जिल्ह्यातलंच, फणसवळ्याचं. त्यांची आई बांबूच्या टोपल्या-सुपं विणायची आणि ती घरोघर पोहोचवायचं काम लहान ऊर्मिलेकडे. सवर्णांच्या घरी माल अंगणात ठेवायचा, त्यावर पाणी शिंपडून मग तो आत घ्यायचा, आणि पैसे वरून हातात टाकायचे.

बाई : इथं आंघोळ टोपलीला आहे. आणि हे सांगणारी ती पोर आहे, टोपली देणारी. पालगडची मोळी आणि फणसवळ्याची टोपली शेजारी शेजारी ठेवा. मग मुलांना दिसेल की एकच गोष्ट दोन्ही टोकांनी धरलीय.

सर : ठेव. पण गुरुजींवर अन्याय नको. पुस्तकात दोन श्याम आहेत. एक जगलेला पोरगा आणि एक आश्रमातल्या मित्रांना रात्री गोष्ट सांगणारा मोठा माणूस. ९ ते १३ फेब्रुवारी १९३३, पाच दिवसांत नाशिकच्या तुरुंगात लिहून काढलं त्यांनी. बेचाळीस रात्री! त्या माणसानं ठरवलं असतं तर आंघोळ तिथंच गाळली असती. नाही गाळली. माझ्यापेक्षा ते धीट.

असं बोलून सर स्वतःच हसले. आपण काय कबूल करून बसलो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

बाई : मुद्दा माझा आहे तो, सर! आणि नाशिकचं नाव काढलंत म्हणून सांगते. त्याच नाशकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षं चालला. पुणे करार सप्टेंबर १९३२ चा. म्हणजे तुरुंगाच्या भिंतीआड ही हळवी रात्र लिहिली जात होती तेव्हा बाहेर देवळाच्या दारात माणसं उभी होती. ‘देवाला सारी प्रिय’, आणि देव कुलपात.

सर : हां. हे मात्र मी असं जोडून पाहिलं नव्हतं.

इथं वाद संपायला हरकत नव्हती. पण सरांचा मूळ विश्वास हलला नव्हता. माणूस बदलतो तो संस्कारानं, कायद्यानं किंवा मोर्चानं फार तर त्याचं वागणं बदलतं, ही त्यांची जुनी श्रद्धा. बाईंनी तिला हात घातला तो भिवंडीच्याच उदाहरणानं.

बाई : डिसेंबर ९२ ला मुंबई पेटली. भिवंडीचं काय होणार म्हणून सगळा महाराष्ट्र बघत होता, आणि भिवंडी शांत राहिली. संस्कारांमुळे?

सर : मोहल्ला कमिट्यांमुळे. मी स्वतः बसायचो त्या बैठकांना. कमिट्या सुरू झाल्या तेव्हा सुरेश खोपडे साहेब पोलीस उपायुक्त. वस्तीवस्तीत दोन्हीकडची माणसं घेऊन कमिटी, बरोबर त्या भागाचा हवालदार. नळाचं भांडण, पोरीची छेड, भोंगा, सगळं तिथंच बोलायचं. दर बैठकीला तीच तोंडं बघून बघून ओळख व्हायची.

बाई : म्हणजे व्यवस्था. आधी मन साफ करा मग या, असं कुणी म्हटलं नाही.

सर : पण शेजारी येऊन बसायला माणूस आधी तयार व्हावा लागतो ना?

बाई : तुम्ही झाला होतात तयार?

सर : (थांबून) नाही. पहिल्या बैठकीला मी दाराजवळ बसलो होतो. चौऱ्याऐंशी होऊन फार वर्षं झाली नव्हती. बसत गेलो, मग... पण थांब बेटा. हे तर माझ्या बाजूचं झालं! श्यामच्या आईनं दुसरं काय केलं? तिनं त्याला जातीवर व्याख्यान दिलं नाही. म्हणाली, ऊठ, मोळी उचल. आधी हात, मन मागाहून. तुझी कमिटी आणि माझी आई एकच काम करत होत्या.

बाई : आणि मग आंघोळीला पाठवलं.

सर : पाठवलं. पण हात लागून गेला होता! ते पाण्यानं जात नाही.

या डावात सरांची बाजू मला वरचढ वाटली, आणि बाईंनाही वाटली असावी, कारण त्यांनी विषय एकदम अमेरिकेत नेला. हार्पर ली यांची १९६० सालची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ त्यांनी एम.ए.ला अभ्यासली होती. अलाबामातलं मेकॉम नावाचं लहान गाव, स्काउट नावाची पोर, आणि तिचे वकील वडील अ‍ॅटिकस फिंच. टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा खोटा आरोप येतो, अ‍ॅटिकस त्याचा खटला लढवतो. कोर्टात मुलं काळ्यांसाठी राखलेल्या सज्जात बसून वडिलांचं भाषण ऐकतात.

बाई : तिथंही तेच. मूल सुसंस्कृत होतं, वाचकाचे डोळे भरून येतात. टॉम दोषी ठरतो आणि पळून जाताना गोळ्या खाऊन मरतो. धडा स्काउटला मिळाला, त्याची फी टॉमनं भरली. आणि पुढचं ऐका. २०१५ साली लीबाईंचं दुसरं पुस्तक आलं, ‘गो सेट अ वॉचमन’. लिहिलेलं होतं ते आधी, छापलं साठेक वर्षांनी. त्यात स्काउट सव्वीस वर्षांची होऊन गावी येते आणि तिला दिसतं की वडील काळ्यांच्या हक्कांच्या विरोधातल्या मंडळाच्या बैठकीला बसलेत. जगभरचे वाचक चिडले, आमचा अ‍ॅटिकस बिघडवला म्हणून. बिघडवला कुठं? वडिलांची आंघोळ तिला वीस वर्षांनी सापडली, एवढंच.

सर : आणि मग तिनं काय करायचं? बापाला टाकायचं?

बाई : टाकत नाही ती. भांडते, कोसळते, आणि शेवटी त्याला माणूस म्हणून बघते. मी कुठं म्हणते की श्यामच्या आईला टाका? माझी आई रडायची हे पुस्तक ऐकताना. अत्र्यांचा सिनेमा टीव्हीवर लागला की आमच्या चाळीत सामसूम. पण प्रेम करायला आंघोळ लपवावी लागत असेल, तर ते प्रेम आईवर नाही, आपण काढलेल्या तिच्या फोटोवर आहे.

आता माझं मत. गुरुजींचं उत्तरायुष्य ध्यानात घेतलं तर आंघोळ गाळताच येत नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मुलांना शिकवणारा, वसतिगृहात त्यांची अंथरुणंसुद्धा आवरणारा हा हळवा मास्तर मे १९४७ मध्ये पंढरपूरला विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसला. आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना विनवलं, मग १ मेपासून अन्न सोडलं. देऊळ खुलं करायचं मान्य झालं तेव्हाच उपोषण सोडलं. स्वातंत्र्य साडेतीन महिन्यांवर आलं असताना या माणसाला विठ्ठलाच्या दाराची घाई झाली होती. का? आईनं त्याला मोळीपर्यंत नेलं आणि तिथून परत फिरवलं. उरलेली वाट त्याची त्याला चालायची होती, आणि ती चालायला चाळिशी उलटली. आंघोळ काढून टाका, म्हणजे आई परिपूर्ण होते आणि पंढरपूरचं उपोषण अकारण. पोरानं मग केलं काय? आईनं सगळं करूनच ठेवलं होतं!

सरांनी आंघोळ गाळली ती मुलांना जपण्यासाठी, हे मला मान्य आहे. पण मुलांना जपताना त्यांच्यापासून नेमकी तीच गोष्ट लपली, जी त्यांना पुढे लागणार आहे : आपली प्रेमाची माणसं अर्ध्यावर थांबलेली असतात, आणि हे कळल्यावर त्यांच्यावरचं प्रेम कमी करावं लागत नाही.

राहता राहिली एक अडचण, आणि ती सरांनी काढली तेव्हा बाईंचाही चेहरा उतरला.

सर : आंघोळ राहू दे. तू जिंकलीस. आता मला सांग, म्हातारी कोण होणार?

बाई : ...

सर : कुठल्या मुलीला उभी करणार? तुझ्या समाजातली असेल तर दुसऱ्या दिवशी तिला काय हाक मारतील ते तू मला सांगू नको, मी चाळीस वर्षं वर्गात काढली. दुसऱ्या समाजातली असेल तर तिची आई शाळेत येईल भांडायला, आमच्या पोरीला हीच भूमिका का म्हणून. आणि ते भांडण पोरं ऐकतील. मी गाळलं ते काय उगाच?

सरांचा हा मुद्दा खोटा नाही. पुस्तकातली म्हातारी पानावर सुरक्षित असते. ती रंगमंचावर आली की तिला कुणाचा तरी चेहरा लागतो, आणि तो चेहरा सोमवारी परत वर्गात बसतो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तोडगा निघाला तो बाईंकडून, आणि जरा नाइलाजानंच : नाटक करायचं नाही, अभिवाचन करायचं. भूमिका कुणालाच नाहीत. मुलांनी गोलात बसायचं, परिच्छेद संपला की पुस्तक पुढच्याच्या हातात. आई, श्याम, म्हातारी, ज्याच्या वाट्याला जे येईल ते त्यानं वाचायचं. पंचविसावी रात्र पूर्ण, एक ओळ न गाळता. त्याला लागून ‘आयदान’मधला टोपल्यांचा भाग. सरांनी पंढरपूरवर पाच मिनिटं बोलायचं कबूल केलं, म्हणजे किमान पंधरा.

एका बाबतीत दोघांचं अजून जुळलेलं नाही. सरांच्या मते हे आठवीच्या पुढच्या मुलांसाठी. सातवीला बसवू नये, वय लहान आहे. बाई म्हणतात, गणपतीचं विचारणारी मुलगी सातवीतच होती. मुख्याध्यापकांनी निर्णय शनिवारच्या सभेवर ढकलला आहे. मला विचाराल तर सातवीला बसवावं, आणि पहिल्या रांगेत.